लेबर कमिशनर: सिनेटने पास केलेला की लोकांनी निवडलेला?
अमेरिकेत कॅलिफोर्नियात गव्हर्नर लेबर कमिशनर (कामगार कायदे राबवणारा राज्याचा मोठा अधिकारी) नेमतो पण राज्याच्या सिनेटची (विधिमंडळाचं वरचं सभागृह) मंजुरी लागते, गंमत म्हणजे माणूस आधीच खुर्चीत बसतो आणि 365 दिवसांत सिनेटने हो म्हटलं नाही तर उठावं लागतं. म्हणजे कामगारांच्या बुडालेल्या पगाराच्या केसेस का रखडल्यात असं सिनेटला त्याला तोंडावर विचारायची सोय आहे.

नॉर्थ कॅरोलिनात ही भानगडच नाही, दर 4 वर्षांनी सरळ मतदान. तिथे चेरी बेरी बाई 2001 ते 2021 याच पदावर होत्या, आणि लिफ्टची तपासणीही याच खात्याकडे, त्यामुळे राज्यभर लिफ्टमधल्या इन्स्पेक्शन सर्टिफिकेटवर बाईंचा हसरा फोटो असायचा, फुकटचा प्रचारच की हो!

मला विचाराल तर सिनेटवालं बरं, पक्षाचं राजकारण तिथेही चालतंच म्हणा, पण निदान कोणीतरी फाईल उघडून बघतं.