अमेकोमी घ्यावे की बिशोजो? सुपरनायिकांचे अ‍ॅनिमे-शैलीतील स्टॅच्यू निवडताना

वंडर वूमन, बॅटगर्ल, कॅटवूमन किंवा सुपरगर्ल यांचा अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या, वळणाचा स्टॅच्यू घ्यावा असे मनात आले, घरात एक काचेचे कपाट मोकळे आहे आणि पहिल्या वर्षी दोन-तीन नगांपलीकडे खर्च करायचा नाही, अशा वाचकासाठी हा आढावा लिहिला आहे. या वर्णनात बसणाऱ्या दोन मोठ्या मालिका आहेत. एक अमेरिकेतील डीसी डायरेक्टची ‘अमेकोमी’ आणि दुसरी जपानमधील कोतोबुकियाची ‘बिशोजो’. छायाचित्रांत दोन्ही एकाच कुळातल्या वाटल्या, तरी त्यांच्यामागचा विचार परस्परविरुद्ध आहे. तो फरक लक्षात न घेता केलेली खरेदी पुढे खटकते.

अमेकोमी हा जपानी भाषेतील ‘अमेरिकन कॉमिक्स’चा संक्षेप आहे. डीसी कॉमिक्सच्या संग्राह्य वस्तू बनवणाऱ्या डीसी डायरेक्टने २००७ च्या सुमारास ही मालिका सुरू केली. त्यांनी स्वतःला घातलेला प्रश्न असा होता की, ही नायिका मुळातच जपानी मांगात (चित्रकथांत) किंवा अ‍ॅनिमेत जन्मली असती तर कशी दिसली असती? त्यामुळे इथे पोशाख, चिलखत, शस्त्र, केशरचना हे सारे नव्याने रचलेले आहे. वंडर वूमन योद्ध्याच्या जड चिलखतात उभी राहते, आणि मूळ कथांत पुरुष असलेला खलनायक ब्रेनिअ‍ॅक इथे स्त्रीरूपात येतो. या रचनांमध्ये इतके स्वतंत्र जग दडलेले होते की, २०१२ मध्ये डीसीने ‘अमेकोमी गर्ल्स’ नावाचे कॉमिकच सुरू केले. एरवी कॉमिकवरून पुतळी घडते. इथे पुतळ्यांवरून कॉमिक घडले.

बिशोजो या शब्दाचा अर्थ सुंदर तरुणी. कोतोबुकिया ही टोकियोजवळच्या ताचिकावा येथील, १९५३ मध्ये स्थापन झालेली कंपनी आहे. २०१० च्या आसपास तिने आधी डीसीची प्रतिस्पर्धी असलेल्या मार्वलच्या आणि मग डीसीच्या नायिकांची ही मालिका आणली. हिच्या केंद्रस्थानी एक माणूस आहे, चित्रकार शुन्या यामाशिता. आधी त्याने नायिकेचे रंगीत चित्र काढायचे आणि मग शिल्पकाराने ते चित्र त्रिमितीत उतरवायचे, अशी पद्धत ठरली. पोशाख बहुतांशी कॉमिकमधलाच राहतो. बदलतो तो चेहरा, अंगलट आणि उभे राहण्याची ढब. थोडक्यात सांगायचे तर अमेकोमी पात्राची पुनर्रचना करते आणि बिशोजो पात्राचे व्यक्तिचित्र काढते.

या एका फरकातून बाकीचे बहुतेक फरक निघतात. सर्व चेहरे एकाच कुंचल्यातून आल्यामुळे बिशोजोच्या पाच-सहा पुतळ्या एका फळीवर ठेवल्या की फळी एकजीव दिसते, आणि मांडणी हा ज्यांच्या आनंदाचा मोठा भाग आहे त्यांना हे फार सुखावते. मात्र याच गुणाची दुसरी बाजू अशी की, केस आणि पोशाख झाकले तर ब्लॅक विडो आणि वंडर वूमन सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतके चेहरे जवळ येतात. शी-हल्कसारख्या, जिचे बळ हेच जिचे रूप आहे अशा पात्राच्या बाबतीत ही नाजूक घडण मला खरोखर खटकते. अमेकोमीत चेहरे आणि बांधे अधिक वेगवेगळे आहेत, डोळे मोठे, हालचाल आवेशपूर्ण. पण मालिकेची पातळी सम नाही. काही रचना विलक्षण सुंदर आहेत, तर काहींमध्ये पट्टे, टोके आणि दागिने यांची इतकी गर्दी झाली आहे की नजर कुठे ठरवावी ते कळत नाही.

बिशोजोविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. चित्र एकाच कोनातून काढलेले असते, त्यामुळे समोरून पाहताना पुतळी परिपूर्ण वाटते. पाठीमागची बाजू मात्र शिल्पकाराच्या कौशल्यावर अवलंबून राहते. कपाट भिंतीला लागून असेल तर प्रश्न नाही. चारही बाजूंनी काच असेल तर पाठीमागून काढलेली छायाचित्रे पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आकाराच्या बाबतीत निवड कठीण नाही. बिशोजोचे प्रमाण एकास सात आहे, म्हणजे साडेपाच फुटांची नायिका सुमारे २४ सेंटिमीटर उंच होते. अमेकोमीच्या पुतळ्याही साधारण नऊ इंचांच्या आसपास आहेत, तेव्हा दोन्ही एका फळीवर विजोड दिसत नाहीत. पंख, पसरलेले केस किंवा उगारलेले शस्त्र असेल तर रुंदी आणि खोलीही मोजावी, कारण आपल्याकडच्या शोकेसच्या फळ्या बऱ्याचदा पुस्तकांच्या मापाने केलेल्या असतात.

खरा निर्णय पुतळीचे वय आणि उपलब्धता यांवर होतो. अमेकोमीचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. आज मिळणारा प्रत्येक नग जुन्या साठ्यातला किंवा दुसऱ्या हातचा आहे. बिशोजो मालिका चालू राहिली आणि लोकप्रिय पात्रांच्या सुधारित आवृत्त्याही तिने काढल्या. दोन्ही मालिका मुख्यतः पीव्हीसीच्या आहेत, आणि पीव्हीसी म्हातारे होते. त्याला लवचीकपणा देणारा द्रव वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि पुतळी चिकट लागते; एका पायावर तोललेली पुतळी उष्णतेने घोट्यातून झुकते; उन्हाने रंग फिकटतात. ‘बॉक्स उघडलेलाच नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच हमी मानू नये, कारण बंद खोक्यात त्या द्रवाची वाफ कोंडून राहते आणि चिकटपणा उलट वाढू शकतो. मी दुसऱ्या हातची घेतलेली एक अमेकोमी पुतळी छायाचित्रांत ताठ उभी होती. हातात आली तेव्हा घोटा इतका वाकला होता की ती पुढे कोसळत असे. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून चिकटपणा गेला आणि गरम पाण्याने पाय मऊ करून, सरळ धरून, लगेच थंड पाण्यात बुडवल्यावर घोटाही बराच सुधारला. पण हे करताना रंग जाईल या भीतीने हात कापत होते. पुणे-नागपूरचा उन्हाळा आणि मुंबई-गोव्याची दमट हवा लक्षात घेता नवी पुतळी खिडकीपासून दूर ठेवावी आणि कपाट अधूनमधून उघडत राहावे.

नकली मालाचा धोका बिशोजोला अधिक आहे, कारण मागणी तिथे मोठी आहे. त्वचेवर तेलकट चकाकी, डोळ्यांच्या छपाईत सरकलेली रेघ, साच्याची ठळक शिवण आणि अविश्वसनीय वाटावी इतकी कमी किंमत या खुणा पुरेशा आहेत. सुरुवातीच्या बिशोजो पन्नास-साठ डॉलरना मिळत. अलीकडच्या शंभर डॉलरच्या पुढे जातात. त्यामुळे नवीन म्हणून हजार-दीड हजार रुपयांत देऊ केलेली हार्ले क्विनची पुतळी खरी असणे शक्य नाही.

भारतात मागवणाऱ्याने आयातीचा हिशेब आधी करावा. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन बंधनकारक आहे. पार्सल खेळणे ठरते की प्लॅस्टिकची शोभेची वस्तू, यावर बरेच अवलंबून असते. म्हणून किंचित महाग वाटले तरी सर्व कर भरून माल देणाऱ्या भारतीय विक्रेत्याकडून घेणे पहिल्या खरेदीसाठी मला शहाणपणाचे वाटते. या सोयीचा लाभ चालू मालिकेला, म्हणजे बिशोजोला, जास्त मिळतो. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना ही अडचण नाही. अमेरिकेत असलेल्यांना तर जुनी अमेकोमी तिथल्या तिथे पाहून घेता येते.

घरात कोण कोण आहे हेही पाहावे. दोन्ही मालिकांत अंगप्रदर्शन आहे आणि काही पुतळ्या दिवाणखान्यात, आजी-आजोबांच्या समोर, ठेवताना संकोच वाटेल अशा आहेत. बिशोजोमध्ये तुलनेने सोज्ज्वळ उभ्या राहणाऱ्या पुतळ्या शोधता येतात, आणि अमेकोमीत भरघोस चिलखतातल्या.

माझे मत स्पष्ट आहे. पात्रावर, म्हणजे कॉमिकमधल्या त्या ओळखीच्या नायिकेवर, प्रेम असेल आणि संग्रह नुकताच सुरू होत असेल, तर बिशोजो घ्यावी. मार्वलची नायिका हवी असेल तर पर्यायच नाही, कारण अमेकोमी फक्त डीसीची आहे. एखाद्या पात्राची नवी कल्पना पाहून मन हरखत असेल, तर अमेकोमीची एकच, नीट निवडलेली पुतळी घ्यावी, मग ती मिळायला सहा महिने लागले तरी चालतील. विक्रेत्याकडून घोट्याचे आणि तळव्याचे ताजे, जवळून काढलेले छायाचित्र मागवावे, आणि ते पाठवायला तो टाळाटाळ करत असेल तर तो नग सोडून द्यावा.