हिवाळ्यात घोडीचा खर्च कमी करताना : कडबा, कुटार, तणस आणि गवत यांचा तुलनात्मक आढावा

वरातीसाठी घोडी पाळणाऱ्या विदर्भातील कुटुंबांचे हिवाळ्यातले गणित थोडे अवघड असते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मासामुळे ते थांबतात, आणि मिळकत थांबलेल्या या महिन्यातही घोडीच्या पोटाचा खर्च थांबत नाही. अशा वेळी चारा कमी करण्याकडे पहिला कल जातो आणि माझ्या मते तीच जागा हात लावण्याची नव्हे. बचत करायची ती चाऱ्याच्या निवडीत, त्याच्या नासाडीत आणि खुराकात करावी.

आधी गरज किती ते पाहू. घोड्याला रोज वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा आहार लागतो आणि त्यात निदान दीड टक्का वाटा चाऱ्याचा असावा लागतो. ३०० किलोच्या घोडीला म्हणजे रोज सहा किलो आहार लागतो आणि त्यातला साडेचार-पाच किलो चारा असावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांसाठी सहा क्विंटल, आणि थोडीफार नासाडी धरून सात क्विंटल चारा घरात असला पाहिजे. तो कोणता घ्यावा हा प्रश्न अकोल्यात वेगळा आहे आणि गोंदियात वेगळा.

वऱ्हाडात, म्हणजे अकोल्याकडच्या पश्चिम विदर्भात, ज्वारीचे क्षेत्र कापूस-सोयाबीनने व्यापल्यापासून कडबा दुर्मीळ आणि महाग झाला आहे. तरीही जिथे मिळतो तिथे तो घोडीसाठी चांगला चारा आहे. मात्र त्याचा भाव शेकड्यावर ठरत असल्याने खरी किंमत लपून राहते. समजा शंभर पेंढ्या २,००० रुपयांना मिळाल्या आणि वजन केल्यावर पेंढी सव्वा किलोची भरली, तर चारा किलोला १६ रुपयांना पडला. घोडीने जाड बुडखे टाकून चौथा भाग वाया घालवला, तर पोटात गेलेल्या प्रत्येक किलोची किंमत २१ रुपयांच्या वर जाते. तोच कडबा कुट्टी करून गव्हाणीत घातला आणि नासाडी दहाव्या भागावर आली, तर किंमत १८ रुपयांच्या आत राहते. कुट्टीची मजुरी त्यात मिळवावी लागते, पण चार महिन्यांचा हिशोब केला तर ती बहुधा निघून येते. कुट्टी फार बारीक करू नये. दीड-दोन इंचांचे तुकडे घोडी नीट चावून खाते. कापणीच्या सुमारास पावसात सापडून काळा पडलेला कडबा अर्ध्या भावात मिळत असला तरी सोडून द्यावा, कारण बुरशीने घोड्याला पोटशूळ आणि दम्यासारखा खोकला जडतो. वाळलेल्या कडब्यावरून आठवले म्हणून सांगतो : कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना फुटलेल्या कोवळ्या पोंग्यांत सायनाइडचे विष तयार होते, तेव्हा अशा वावरात घोडी चरायला सोडू नये.

सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा, हा वऱ्हाडातला सर्वांत स्वस्त पर्याय. मळणीनंतर ते बांधावर पडून असते आणि पुष्कळदा नुसत्या वाहतुकीच्या खर्चात घरी येते. बैलांना ते चालते, परंतु बैलाप्रमाणे रवंथ करून काडीचा अंश काढून घेणे घोड्याच्या पोटाला जमत नाही. त्याचा चारा मोठ्या आतड्यात आंबून पचतो, आणि कठीण काडी व कमी पाणी यांची गाठ पडली की तिथे गोळा अडकतो. शिवाय कुटारात धूळ फार असते आणि कच्चे सोयाबीनचे दाणेही राहतात, जे पचनाला त्रासदायक असतात. म्हणून चाऱ्याचा पाव हिस्सा, तोही चाळून आणि पाण्याचा शिपका मारून, इतकेच कुटार मी योग्य मानतो. तुरीचे कुटार जास्त पालेदार असल्याने अधिक बरे. पण ते जानेवारीच्या सुमारास हाती येते, तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरची सोय त्याने होत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जवळजवळ फुकट असते. त्यात प्रथिने तीन-चार टक्क्यांच्या आसपास, सिलिका भरपूर, आणि ऑक्झलेटमुळे शरीराला मिळणारे कॅल्शियम आणखी कमी. गादी म्हणून कोठ्यात अंथरायला तणसासारखी वस्तू नाही, मात्र एकमेव चारा म्हणून ते चार महिने चालवले तर घोडी हळूहळू खंगते आणि मार्चच्या मुहूर्तांना तिच्यावर साज शोभत नाही. युरिया प्रक्रिया केलेले तणस गाई-म्हशींसाठी असते. घोड्याला त्याचा उपयोग नाही.

कुरणाचे वाळलेले गवत या चौघांत सर्वांत चांगले, फक्त ते वेळेवर कापलेले असावे. फुलोऱ्यात कापून वाळवलेले मारवेल किंवा पवन्या हिरवट आणि वासाला गोड राहते. डिसेंबरपर्यंत उभे राहिलेले गवत पिवळे पडते आणि त्यात काडीशिवाय फारसे काही उरत नाही. कुसळी गवत पक्व झाल्यावर त्याची कुसळे हिरड्यांत आणि जिभेत रुततात. चांगले गवत कडब्याच्या भावात मिळत असेल तर मी गवत घेईन. धानपट्ट्यातल्या माणसाने निम्मे गवत आणि निम्मे तणस असा मेळ घालणे परवडते; वऱ्हाडातल्या माणसाने कडब्याची कुट्टी मुख्य ठेवून थोडे कुटार मिसळावे. चारा बदलताना आठ-दहा दिवस घेऊन नवा हिस्सा हळूहळू वाढवावा.

खुराकाच्या बाबतीत तुलना हरभरा आणि लसूणघास यांची आहे. नवा हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो, त्याआधी जुन्या मालाचा भाव सोसावा लागतो. ओलिताची दोन गुंठे जागा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेल्या लसूणघासाची पहिली कापणी साधारण दोन महिन्यांनी आणि पुढच्या कापण्या महिन्याच्या अंतराने मिळतात. पाच किलो हिरव्या लसूणघासातून मिळणारी प्रथिने साधारण एक किलो हरभऱ्याएवढी भरतात, आणि कॅल्शियम कितीतरी अधिक, जे तणस खाणाऱ्या घोडीला हवेच असते. ताकद मात्र हरभऱ्यात जास्त. त्यामुळे वरातीच्या दिवसांत तोबऱ्यात भिजवलेला हरभरा आणि धनुर्मासाच्या विश्रांतीत नुसता चारा व लसूणघास, ही विभागणी मला सर्वांत किफायतशीर वाटते. गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून वाढवत नेला तर स्फुरद (फॉस्फरस) वाढून हाडे कमजोर होतात.

काही स्वस्त वस्तूंना हातही लावू नये. पूर्व विदर्भात धानानंतरच्या ओलीवर लाखोळी घेतात; तिची चुणी स्वस्त पडते, पण तिच्या विषाला घोडा फार हळवा असतो आणि कंठाचे स्नायू लुळे पडून त्याचा श्वास घोरू लागतो. कोंबड्यांच्या खाद्यात आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते, ते घोड्याचा जीव घेते. म्हशींसाठी आणलेल्या सरकीच्या ढेपेतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्यही रवंथ करणाऱ्या जनावरांइतके घोड्याला सोसत नाही.

पाण्यावर काही खर्च नाही, पण दुर्लक्ष झाले तर सर्वांत मोठा खर्च तिथूनच येतो. कोरड्या चाऱ्यावरच्या घोडीला रोज २५ ते ३० लिटर पाणी लागते आणि सकाळी टाक्यातले गार पाणी ती नाकारते. विहिरीचे ताजे उपसलेले पाणी कोमट असते, ते पाजावे आणि मूठभर मीठ दिवसभरात विभागून द्यावे.

झुलीचा खर्च बहुतेकांना टाळता येईल. धडधाकट, अंगावर केस असलेला घोडा पाच अंशांपर्यंतची थंडी सहज सोसतो आणि विदर्भातल्या बहुतेक रात्री त्याहून उबदार असतात. वारा अडवणारा काड्यांचा एक ताटवा पुरेसा होतो. म्हातारी, हडकुळी किंवा वरातीनंतर घामाने भिजलेली घोडी याला अपवाद. नालांबाबत, धनुर्मासात घोडी बांधूनच राहणार असेल तर नाल काढून फक्त खूर छाटून घ्यावेत. डांबरी रस्त्यावर जायची असेल तर निदान पुढच्या पायांना नाल ठेवावे आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे. जंताचे औषध अंदाजाने देण्यापेक्षा पशुवैद्यकीय दवाखान्यात शेणाची तपासणी करून गरज असेल तरच द्यावे. धनुर्वाताची लस मात्र काटकसरीच्या यादीत घालू नये; नालेचा खिळा चुकून मांसात गेला तरी घोड्याला तो रोग होऊ शकतो, आणि त्याचे उपचार लसीच्या कित्येक पट महाग पडतात.