टायटल क्लिअर, प्लॉट पाण्यात

पंचगंगेच्या काठाला ‘रिव्हर टच’ प्लॉट घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा आणि मग इसार द्या. माझे २१,००,२५० रुपये गेलेत. प्लॉटचे १८,७५,०००, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे १,३१,२५०, मुरमाचा भराव आणि तारेचं कुंपण ९४,०००. बदल्यात मिळालं काय, तर निळ्या पूररेषेच्या (म्हणजे सरकारने नकाशावर आखलेल्या पुराच्या हद्दीच्या) आतले अडीच गुंठे. तिथे घर बांधायची परवानगीच मिळत नाही.

कुणी म्हणेल, चौकशी करायला काय झालं होतं? केली की! वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला. बोजा नाही, वारसांच्या सह्या पूर्ण, बिनशेती आदेश आहे. तो आदेश पूररेषा आखण्याच्या आधीचा, हे आता कळतंय. सर्च रिपोर्टमध्ये जमीन कुणाची ते कळतं, पाणी कुठवर येतं ते नाही. सातबाऱ्यावरही पूररेषा नसते. हे मला एकानेही सांगितलं नाही, फी मात्र सगळ्यांनी घेतली.

एजंटने दिलेला झोन दाखला अजून माझ्याकडे आहे. झेरॉक्स. ‘रहिवास विभाग’ ठळक, खाली गोल शिक्का, पण अर्धाच. कागद शिक्क्याच्या मधोमध संपतो. त्या अर्ध्या शिक्क्यावर मी बोट ठेवून विचारलं होतं. ‘झेरॉक्सवाल्यानं कागद तिरका ठेवला असंल साहेब,’ म्हणून तो हसला, आणि मीपण हसलो! अजून आठवलं की डोकं फिरतं. पुढे माहिती अधिकारात पूर्ण दाखला मिळाला. शेवटच्या ओळीत सरळ लिहिलंय की हा गट निळ्या पूररेषेने बाधित आहे. नेमकी तेवढीच ओळ कापलेली. अर्जाची फी किती, तर १० रुपये. दाखला स्वतः काढा, दुसऱ्याने आणलेली झेरॉक्स हातातसुद्धा घेऊ नका.

प्लॉट दाखवला एप्रिलमध्ये. (जुलैत हे लोक फोन उचलत नाहीत.) बांधावरच्या बाभळीत माझ्या डोक्याच्याही वर वाळकं गवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. वाऱ्याने येतात म्हणे. म्हशी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘पावनं, म्हापुरात बघितलाय का ह्यो पट्टा?’ एजंटने त्याला तंबाखू देऊन वाटेला लावलं. एजंटाला न सांगता पुन्हा जा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर होतं ते विचारा, पाणी उपसायच्या मोटारींच्या खोल्यांच्या भिंतींवरचे डाग बघा.

जुलै २०२४ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी नदीने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि माझं कुंपण दिसेनासं झालं.

मग सुरू झाली ती सरकारी टोलवाटोलवी. तलाठी म्हणतो, आमच्या दफ्तरी पूररेषा नाही. दुय्यम निबंधक म्हणतात, आम्ही दस्त नोंदवतो, जमीन तपासत नाही. नगररचनेत गेलो तर पाटबंधाऱ्याकडे जा, पाटबंधाऱ्यात गेलो तर नकाशे नगररचनेला दिलेत! पोलिसांनी अर्ज वाचायच्या आधीच ‘दिवाणी मॅटर आहे’ म्हणून ढकलला. अहो, कागद कापून दाखवणं हे दिवाणी? एक साहेब तर मलाच ऐकवतात, ‘शिकलेले दिसता, नदीशेजारी जमीन घेताना कळलं नाही?’ शुल्क घेताना कुणी असं विचारलं नव्हतं. १,३१,२५० रुपये भरून घेणाऱ्या सरकारला तो गट पूररेषेत आहे एवढं पडद्यावर दाखवता येत नाही?

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं तिथेच एकाने समजावलं. २०१९, २०२१, २०२४. यात २५ वर्षं कुठे बसतात ते मला सांगा. आणि दोन रेषांच्या मधला प्लॉट ‘चालतो’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर तिथे जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. तेवढ्या भरावाचा खर्च आधी काढा, प्लॉटचा दर नंतर विचारा.

दिवाणी दावा लावतोय, निकाल कधी लागेल देव जाणे. एजंट मात्र अजून धंद्यात आहे, त्याच पट्ट्यात आणखी प्लॉट विकतोय. गिऱ्हाइकाने बँकेचं कर्ज काढतो म्हटलं की हा म्हणतो, ‘कशाला, रोखीनं द्या, दर कमी करतो.’ बँक पूररेषेचा कागद मागेल, हे त्याला पक्कं माहीत आहे.