प्रयोग शूट करायचा की सरळ सिनेमा काढायचा? सूडाचं संगीत नाटक असेल तर आधी कोरसकडे बघा

आमच्या ग्रुपमध्ये गणपतीपासून एकच वाद चालू आहे आणि तो मिटायचं नाव घेत नाहीये, म्हणून शेवटी बसून लिहून काढतोय. आमचं दोन अंकी संगीत नाटक आहे, सूडाचं. सदाशिव पेठेतला वाडा, चोरीचा खोटा आळ घेऊन तिथून हाकललेला एक भाडेकरू पंचवीस वर्षांनी परत येतो, तर वाड्याच्या जागी बिल्डिंग उभी आणि तीच जुनी बिऱ्हाडं वन बीएचके घेऊन सुखात, मग एकेकाचा नंबर लागतो. आठ प्रयोग झालेत. आता अर्धे म्हणतात हॉल घ्या, तीन-चार कॅमेरे लावा आणि प्रयोगच शूट करा. बाकीचे, म्हणजे मुख्यतः आमचा दिग्दर्शक, म्हणतो छे, सिनेमाच करायचा.

एकाच नाटकावर हे दोन्ही करून झालेलं बघायचं असेल तर 'स्वीनी टॉड' बघा. ब्रॉडवेवर १९७९ ला आलं, संगीत आणि गाणी स्टीफन सोन्डहाइमची, दिग्दर्शन हॅरोल्ड प्रिन्सचं. लंडनचा न्हावी, बायकोवर डोळा ठेवून जज त्याला खोट्या गुन्ह्यात अडकवून काळ्या पाण्यावर पाठवतो, तो परत येतो, वर दुकानात वस्तरा चालतो आणि खाली मिसेस लव्हेट त्याच गिऱ्हाइकांच्या मांसाच्या पाय (pie), म्हणजे सारण भरून भाजलेल्या पेस्ट्र्या, करून विकते. याचा स्टेजवरचा प्रयोग शूट केलेला आहे १९८२ चा, जॉर्ज हर्न आणि अँजेला लॅन्सबरी. आणि २००७ ला टिम बर्टनने जॉनी डेपला घेऊन सिनेमा केला.

दोन्ही पाठोपाठ बघितले तर पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची. हर्न शेवटच्या रांगेसाठी गातो, क्लोजअपमध्ये गळ्याच्या शिरा, वटारलेले डोळे, सगळं जरा जास्तच वाटतं, पहिली दहा मिनिटं तर मला हसू येत होतं. डेप हा काही तयारीचा गायक नव्हे, तो जवळजवळ पुटपुटतो, पण कॅमेरा हातभर अंतरावर असल्यामुळे ते चालून जातं. म्हणजे चेहऱ्याच्या बाबतीत सिनेमा जिंकला. पण माणसांच्या पाय करायचं ते गाणं येतं ना, कुठल्या धंद्याचा माणूस चवीला कसा लागेल वगैरे, तिथे रेकॉर्डिंगमध्ये पब्लिक खळखळून हसतंय आणि आपणही हसतो आणि मग एकदम लक्षात येतं की अरे आपण कशाला हसतोय. सिनेमात ते गाणं छान दिसतं, नीट शूट केलंय, पण हसायला सोबतीला कोणी नाही. सूडाच्या गोष्टीत प्रेक्षकाला सामील करून घ्यायचं असतं आणि ते भरलेल्या हॉलमध्ये फुकटात होतं.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरा निर्णय इथेच आहे, ती कोरसची. स्टेजवर गावातले लोक सुरुवातीपासून शेवटपर्यंत मधे मधे येऊन त्याची कहाणी गातात आणि शेवटी तर असा सूडवाला तुमच्यातही बसला असेल म्हणून थेट प्रेक्षकांकडे बोट दाखवतात. बर्टनने ते गाणं काढलं, सुरुवातीला नुसती चाल वाजते. क्रिस्टोफर लीसारख्या नटांकडून भुतांचा कोरस म्हणून रेकॉर्डही करून घेतलं होतं, तरी काढलं. का काढलं ते कळतं, कॅमेरा स्वतःच सांगतोय तर मधे उभं राहून सांगणारी माणसं अडचण वाटतात. पण त्यामुळे गोष्टच बदलली. नाटकात शहर खाटीक तयार करतं, सिनेमात बायको गेलेला एक दुःखी माणूस उरतो. सिनेमा वाईट नाही हां, कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालंय त्याला, पण गोष्ट वेगळी झाली हे नक्की.

आणि आपण पुण्याची माणसं, आपल्याला हे लंडनवरून शिकायची गरजच नाहीये. 'घाशीराम कोतवाल' १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. तेही सूडाचंच की, चोर ठरवून पुण्यात अपमान झालेला कनोजी ब्राह्मण पोटची पोर नाना फडणविसांना देऊन कोतवाली मिळवतो आणि सगळ्या शहरावर उगवतो. पण आपल्याला आठवतो तो घाशीराम नाही, आठवते ती माणसांची भिंत. एका ओळीत उभे राहून गाणारे, डोलणारे, क्षणात पाठ फिरवून पडदा होणारे आणि सोयीने काहीच न बघितलेले लोक. १९७६ ला यावर सिनेमा झाला, लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मंडळींच्या युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हने केला, पटकथा तेंडुलकरांचीच, नाना नाटकातलेच मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी आणि ओम पुरींचा तो पहिला सिनेमा. त्यांनी नाटकाची नक्कल केली नाही, सिनेमाची स्वतंत्र भाषा शोधली, मान आहे. तरी माझ्या ओळखीत नाटक बघितलेले दहा काका भेटतात आणि सिनेमा बघितलेला एखादाच, आणि तोही लॉ कॉलेज रोडवरचा.

दिग्दर्शक यावर 'कट्यार काळजात घुसली'चं उदाहरण फेकतो. बरोबर आहे, २०१५ चा सिनेमा जोरात चालला, नाटकाच्या वाट्याला आलं नसतं एवढं पब्लिक त्याला आलं. पण बाबा, तिथे भांडण दोन गायकांचं आहे, मत्सर एका माणसाचा आहे, तो चेहऱ्यावर दिसला की काम झालं. आणि पडद्यावर खाँसाहेब सचिन आणि गळा राहुल देशपांडेचा हे चालतं, स्टेजवर वसंतराव देशपांडे दोन्ही एकटे करायचे. म्हणजे सिनेमात गाता न येणारा चांगला नट घेता येतो, हा मोठा फायदा आहे, आपल्या नायकाचा वरचा सा ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

खर्चावर फार लिहीत नाही, सिनेमा म्हणजे वाडा शोधणं आलं आणि पुण्यात आता शूटिंगला देतील असे वाडे किती उरलेत. कागदपत्रांचं मात्र ऐका, प्रयोग करायची लेखकाची परवानगी म्हणजे चित्रीकरणाची परवानगी नव्हे, संगीतकाराशीही वेगळं लिहून घ्या. नाटकाला मिळालेलं रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट सिनेमागृहात चालणार नाही, तिथे सेन्सॉर बोर्ड लागतं.

आता आपलं. आपल्या नाटकात कोरस कोण आहे? तीच बिऱ्हाडं. आळ आला तेव्हा दारं लावून घेतलेली आणि नंतर त्याच्या जागेच्या वाटणीतून बाल्कनी वाढवून घेतलेली. सिनेमा केला की पहिल्या मीटिंगला ते आठ जण कापले जाणार, खात्रीने सांगतो, आणि उरणार एक चिडलेला माणूस आणि त्याचे क्लोजअप. म्हणून माझं मत प्रयोग शूट करायला. मात्र हॉलच्या मागच्या भिंतीला तीन कॅमेरे चिकटवून मोकळं व्हायचं असेल तर मी त्यात नाही. रात्री पब्लिकसमोर एक प्रयोग, हशा आणि शांतता त्यातून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये परत एकदा, तेव्हा कॅमेरा स्टेजवर, बिऱ्हाडांच्या ओळीत, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा. दोन्ही दिवशी लय तीच ठेवा नाहीतर एडिटला तबला जुळणार नाही. पेटी, तबला आणि प्रत्येक गाणाऱ्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर सेकंदाचा एक पन्नासांश, नाहीतर जुने लाइट फ्लिकर मारतात. लाइटवाल्याला आधीच सांगा की डोळ्यांना छान दिसणारा तो लाल स्पॉट कॅमेऱ्यात चेहऱ्याचा नुसता लाल गोळा करतो. आणि वीस सेकंदांचा ब्लॅकआउट मोबाइलवर बघणाऱ्याला नेट गेल्यासारखा वाटतो, तो कापावाच लागेल.

ज्याचं नाटक खरंच एका माणसाचं आहे, कोरस काढून बघितला आणि काहीच हललं नाही, त्याने बिनधास्त सिनेमा करावा.

राहता राहिलं रक्त. आपण गुलाल उधळतो, ते लांबून बघताना अंगावर येतं पण जवळून गुलाल हा गुलालच दिसतो, विसर्जन मिरवणुकीतला. म्हणून खुनाच्या वेळी कॅमेरा मागे, खून संपल्यावर बिऱ्हाडांच्या चेहऱ्यांवर. आणि गुलाल दोन दिवसांचा एकदम आणा, हॉलवाल्यांना आधी सांगून ठेवा, मागच्या वेळी साफसफाईचे पैसे डिपॉझिटमधून गेले होते आणि ते मी भरलेत.