तयार स्क्रिप्ट की स्वतः केलेले मॅपिंग : एबलटन लाइव्हसाठी कोणता मार्ग घ्यावा?

एबलटन लाइव्ह या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरला कंट्रोलर (नॉब, फेडर असलेले उपकरण) जोडताना दोन मार्ग असतात. एक म्हणजे सेटिंग्जमध्ये त्या कंट्रोलरची तयार 'कंट्रोल सरफेस' स्क्रिप्ट निवडणे आणि दुसरा म्हणजे मिडी मॅप मोड (मिडी म्हणजे वाद्ये व संगणक यांच्यातील संदेशांची पद्धत) उघडून एकेक नॉब स्वतः जोडणे.

स्क्रिप्टची खरी सोय अशी की नॉब निवडलेल्या डिव्हाइसच्या (लाइव्हमधील वाद्य किंवा इफेक्टच्या) मागोमाग जातात. ट्रॅक बदलून दुसऱ्या डिव्हाइसवर क्लिक केले की तेच आठ नॉब त्याचे पॅरामीटर चालवू लागतात आणि डिव्हाइसच्या पट्टीवर निळा हात दिसतो. मात्र कोणते आठ पॅरामीटर आधी हाती येतील, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ठरवलेले असते. म्हणून बाहेरचे प्लगिन रॅकमध्ये (डिव्हाइस एकत्र ठेवण्याच्या चौकटीत) ठेवून हवे ते पॅरामीटर मॅक्रोंना, म्हणजे रॅकच्या मुख्य नॉबना, जोडावेत, असे माझे ठाम मत आहे. एवढ्या मेहनतीने स्क्रिप्टची ही उणीव बरीचशी भरून निघते.

स्वतः केलेले मॅपिंग एका जागी स्थिर राहते. कोणताही ट्रॅक निवडलेला असो, रिव्हर्बचा सेंड (ट्रॅकचा किती आवाज रिव्हर्बकडे जावा ते प्रमाण) त्याच नॉबवर सापडतो आणि त्याची किमान व कमाल मर्यादाही आपणच आखतो, त्यामुळे मंचावर वाजवणाऱ्याला हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. परंतु हे मॅपिंग त्या सेटमध्येच (लाइव्हच्या प्रकल्पाच्या फाइलमध्येच) जतन होते. ते टेम्प्लेटमध्ये ठेवले नाही, तर प्रत्येक नव्या गाण्यासाठी पुन्हा करावे लागते. स्क्रिप्ट चालू असतानाही एखादा नॉब असा जोडता येतो आणि तिथे आपले मॅपिंग वरचढ ठरते, म्हणून घरी काम करणाऱ्याने स्क्रिप्ट कायम ठेवून दोनतीन नॉबच स्वतःसाठी राखणे मला सर्वांत योग्य वाटते.

टेकओव्हर मोडकडे, म्हणजे नॉब वा फेडर हलवल्यावर पडद्यावरील मूल्य कसे बदलावे हे ठरवणाऱ्या सेटिंगकडे, मात्र दोन्ही मार्गांत लक्ष द्यावे. मोटर नसलेला फेडर पडद्यावरील मूल्यापेक्षा वेगळ्या जागी असेल, तर 'नन' मोडमध्ये आवाज एकदम उसळतो. 'पिकअप'मध्ये फेडर त्या मूल्यापर्यंत पोहोचेपर्यंत काहीच बदलत नाही. साध्या मिडी सीसीला (कंट्रोल चेंज, म्हणजे नॉब हलवल्यावर जाणाऱ्या संदेशाला) ० ते १२७ अशा १२८ च पायऱ्या असल्याने संथ फिल्टर फिरवताना त्या कधीकधी कानाला जाणवतात. मुख्य काम मिक्सिंगचे असेल, तर मॅकी कंट्रोल (मिक्सिंग कंट्रोलरची एक प्रचलित पद्धत) पद्धतीचे मोटर फेडर घ्यावेत, कारण ते पिच बेंड (मूळचा स्वर वरखाली वळवण्याचा मिडी संदेश) संदेश वापरतात, ज्यात १६,३८४ पायऱ्यांची सोय असते, आणि सेट उघडताच ते आपापल्या जागी सरकतात.