बोलायचं जॅपनीज शिकायचंय? डेक्कनच्या एका क्लासचा रिव्ह्यू
पुण्यात जो तो एन-फाइव्हच्या, म्हणजे जेएलपीटी या जॅपनीज भाषेच्या परीक्षेच्या सगळ्यात सोप्या लेव्हलच्या मागे, पण जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नसते, त्यामुळे सर्टिफिकेट हातात आणि तोंड बंद. डेक्कनच्या या छोट्या क्लासात मॅडम पहिल्या दिवसापासून बोलायला लावतात, म्हणजे दुकानात गेलात तर 'कोरे वा इकुरा देस का', हे केवढ्याला, मग 'कोरे ओ कुदासाय', हे द्या, आणि समोरचा दुकानदार होऊन येनमध्ये भाव सांगणार, तो डोक्यावरून गेला की 'मोऊ इचिदो ओनेगाय शिमास', परत एकदा सांगा प्लीज. ग्रामर आपल्याला सोपंच जातं हो, क्रियापद शेवटी आणि प्रत्यय शब्दामागे, 'तोक्यो नि इकिमास', तोक्योला जातो, क्रम सेम टू सेम. बाकीचे क्लास हे इंग्लिशमधून का समजावतात देव जाणे. मोजणी मात्र डोकं खाते, वस्तू बदलली की मोजायचा शब्दही बदलतो, एक-दोन-तीन पेन्सिली 'इप्पोन, निहोन, सान्बोन' आणि एक-दोन कागद 'इचिमाय, निमाय', यावर अजून वेळ द्यायला हवा होता, एका लेक्चरमध्ये उरकलं. बॅच भरगच्च, पार्किंगच्या नावाने बोंब. कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली चित्रासारखी अक्षरं, हवी असतील तर दुसरीकडे बघा, इथे हिरागाना या साध्या उच्चारांच्या लिपीपुरतंच. फी वाजवी आहे, डेमो लेक्चर फुकट असतं, आधी बसून बघा.