रोटरी युथ एक्स्चेंज, यजमान घराच्या बाजूने: हो म्हणण्याआधी काय बघायचं

परदेशातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला वर्षभर घरी ठेवून घ्यायचं म्हटलं की महाराष्ट्रात बहुतेकांच्या तोंडी रोटरी युथ एक्स्चेंजचं, म्हणजे रोटरी क्लबांच्या विद्यार्थी-अदलाबदल योजनेचं नाव येतं. मुलं रोटरीच्या जिल्ह्यामार्फत, म्हणजे क्लबांच्या क्रमांक दिलेल्या विभागामार्फत (पुणे-रायगडला ३१३१, नाशिक-नागपूर पट्ट्यात ३०३०, कोल्हापूर-गोवा बाजूला ३१७०) स्थानिक क्लबकडे येतात आणि क्लबकडून घरी. मुलांना या वर्षातून काय मिळतं हे सगळेच सांगतात. घराला काय करावं लागतं, हे मात्र सामान दारात आल्यावर कळतं. म्हणून हे परीक्षण फक्त यजमान घराच्या बाजूने.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. योजना उत्तम आहे, नियम विचार करून केलेले आहेत, पण घराला अनुभव कसा येईल ते क्लबमधल्या एका माणसावर ठरतं. तो म्हणजे मुलाचा काउन्सेलर, क्लबने मुलाची विचारपूस करायला नेमलेला माणूस. तो यजमान घरातला नसावा असा नियमच आहे, कारण घराबद्दलची तक्रार मुलाला घराबाहेर कुणाकडे तरी करता आली पाहिजे. तेव्हा क्लबचा फोन आला की मूल कुठल्या देशाचं हे नंतर विचारा. काउन्सेलर कोण, तो रात्री अकराला फोन उचलतो का, आणि पुढची दोन घरं ठरली आहेत का (मूल वर्षात शक्यतो तीन घरी राहतं), हे आधी विचारा. तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू, होईल’ असं उत्तर आलं तर थांबा. चार महिन्यांसाठी म्हणून आलेलं मूल मग तुमच्याकडे दहा महिने राहतं, आणि त्यात चूक मुलाची नसते.

आराखडा असा. वय १५ ते १९. मोठ्या मुदतीचं एक्स्चेंज म्हणजे साधारण एक शैक्षणिक वर्ष, आणि त्यात एकापेक्षा जास्त घरं, शक्यतो तीन. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा आणि सहलींचा खर्च मुलाच्या आईवडिलांचा. दरमहा थोडा हातखर्च यजमान क्लब देतो. घराला पैसे मिळत नाहीत. जेवण, अंथरूण-पांघरूण आणि घरातल्या मुलासारखी देखभाल ही तुमची बाजू. रोटरीचे सभासद नसलात तरी यजमान होता येतं. एएफएस या दुसऱ्या विद्यार्थी-अदलाबदल संस्थेच्या योजनेत मूल सहसा पूर्ण मुदत एकाच घरी राहतं, त्यामुळे नातं खोल जातं, पण जमलं नाही तर सगळ्यांचंच अवघड होतं. रोटरीच्या तीन घरांमुळे तो भार वाटला जातो. मात्र घर बदलताना माहिती गळते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाची पडताळणी होते, आजी-आजोबांचीसुद्धा. घर बघायला येतात, कधी न सांगताही येतात. यात कुणी अपमान वाटून घेऊ नये. पोटचं लेकरू परदेशात पाठवताना आपणही हीच अपेक्षा धरतो. स्वतंत्र खोली सक्तीची नाही, स्वतंत्र पलंग मात्र हवाच. जवळपासच्या वयाच्या मुलीबरोबर मुलगी, मुलाबरोबर मुलगा एका खोलीत चालतो. हॉलमधला दिवाण चालत नाही. आणि गादी आधी मोजा. आपल्याकडच्या बऱ्याच गाद्या ७२ इंची, म्हणजे १८३ सेंटिमीटर असतात. नेदरलँड्स किंवा जर्मनीतून आलेला सहा फूट तीन इंचाचा मुलगा त्यावर पाय दुमडून झोपतो, आणि संकोचाने महिनाभर बोलत नाही. ७८ इंची गादी घ्या.

आता कागदपत्रं. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला असला तरी लोक या नोंदीला अजून ‘सी-फॉर्म’च म्हणतात. घोळ होतो तो असा: पोर्टलवर आधी घरमालक म्हणून तुमचं खातं मंजूर व्हावं लागतं, आणि ती मंजुरी २४ तासांत येईलच असं नाही. म्हणून ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडून खातं दोन-तीन आठवडे आधी उघडून ठेवा. मूल उतरल्यावर पासपोर्ट, व्हिसा आणि भारतात दाखल झाल्याचा शिक्का यांचे फोटो काढा, की अर्ध्या तासात काम होतं. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर मुलाची स्वतःची नोंदणी वेगळी असते, ती आल्यापासून १४ दिवसांत. ती क्लब बघतो, पण तारीख तुमच्या कॅलेंडरवरही असू द्या. दुसऱ्या घरी मुक्काम हलला की त्या घराने पुन्हा स्वतःची नोंद करायची, आणि पत्ता बदलल्याचंही कळवायचं. नेमकं हेच राहून जातं, कारण पहिल्या घराने केलंय म्हणजे झालं, असं सगळे धरून चालतात.

पहिल्या रात्रीसाठी रोटरीची एक प्रश्नावली असते. तुम्हाला काय हाक मारू, कपडे कुठे धुवायचे, अंघोळ कधी करू, असे साधे प्रश्न. या योजनेतली ही आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट. मात्र ती मराठी घराला पुरत नाही, तिच्यात आपली भर घाला. नळाला पाणी किती ते किती. गीझरचं बटण कुठलं आणि अंघोळीआधी किती मिनिटं लावायचं. बादली आणि मग कसा वापरायचा. कमोडजवळचा जेट कशासाठी असतो, आणि कागद वापरलाच तर तो कमोडमध्ये न टाकता डब्यात टाकायचा. स्वयंपाकघरात चप्पल नाही. आतले कपडे स्वतः धुवायचे की मशीनला टाकायचे. सॅनिटरी पॅड कशात गुंडाळायचं आणि कुठल्या डब्यात टाकायचं, हे घरातल्या बाईने मुलीला त्याच रात्री सांगावं. घरात पाळीच्या काळात देवघराबाबत काही पाळत असाल तर तेही आधीच सांगा. आयत्या वेळी अडवलेली मुलगी दुखावते, आधी कळलेलं असेल तर ती निदान प्रश्न तरी विचारते.

दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींना योजनेत बंदी आहे. मुलांना हे पाठ असतं. आपल्याकडे गाडीत ‘ॲक्टिव्हा’ही येते, हे मात्र स्पष्ट सांगावं लागतं. घरातली दादा-ताई मंडळी प्रेमाने ‘चल, शिकवते’ म्हणतात, आणि तक्रार झाली तर मुलाला घरी परत जावं लागू शकतं.

जेवणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तिखट हा त्यातला सोपा भाग. वेगळा स्वयंपाक करू नका. फोडणीआधी वरणाची एक वाटी आणि तिखट घालण्याआधी भाजीचा एक वाडगा बाजूला काढा. पंधरा दिवसांनी मूल स्वतःच मुख्य भांड्याकडे वळतं. खरा धोका अॅलर्जीचा. अर्जात ‘पीनट अॅलर्जी’ लिहिलेलं असेल तर हो म्हणण्याआधी आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. दाण्याचा कूट साबुदाण्याच्या खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात असतोच. अळूच्या फदफद्यात अख्खे दाणे असतात, चिवड्यात तर असतातच. घाण्याचं शेंगदाणा तेल वापरत असाल तर प्रत्येक फोडणीत दाण्याची प्रथिनं आली. रिफाइंड तेलात ती जवळजवळ नसतात, घाण्याच्या तेलात राहतात. ज्या मिक्सरच्या भांड्यात कूट केला त्यात चटणी वाटली, तर भांडं धुतलेलं असूनही पात्याखालच्या रबरात कूट अडकलेला असतो. अॅलर्जी तीव्र असेल तर भांडं वेगळं, तेल वेगळं, आणि कूट वर्षभर बंद. शेजाऱ्यांकडच्या डब्यांनाही हेच लागू. हे जमणार नसेल तर नम्रपणे नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. अॅलर्जीच्या तीव्र झटक्यावरचं अॅड्रेनलिनचं आपोआप टोचणारं पेन आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, तेव्हा मुलाने घरून दोन आणायला हवीत, आणि ती कशी टोचायची हे घरातल्या दोघांना तरी यायला हवं.

ग्लुटेन चालत नसेल तर पोळी बंद हे सगळ्यांना कळतं. हिंगाचं कळत नाही. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि तो आपल्या वरणापासून ताकापर्यंत जातो. लेबल वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग घ्या किंवा खडा हिंग आणा. ज्वारी-बाजरीची भाकरी चालते, पण गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळलेले असतात, त्यामुळे पीठ घरघंटीवरच दळायचं, आणि घरघंटी आधी नीट साफ करून. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतात. पूर्ण शाकाहारी, दूधही न घेणारं मूल असेल तर भातावरचं तूप आणि पोळीला लावलेलं तूप लक्षात ठेवा. आपल्याला ते पदार्थ म्हणून आठवतच नाही.

आणखी एक बारीकसं, पण रोजचं. आपल्या घरात पहिलं ‘नको’ कुणी ऐकत नाही, तो शिष्टाचार समजतात. परदेशी मुलाचं ‘नको’ हे खरोखर नको असतं. वाढणारी आजी आग्रह करते, ताट भरतं, अन्न टाकलं जातं, आणि दोघांनाही वाईट वाटतं. पहिल्याच जेवणाला दोन गोष्टी शिकवा: ताटावर आडवा हात धरून ‘बास’ म्हणायचं, आणि ‘थोडंसं’. आजीलाही सांगून ठेवा, की हात आडवा आला की थांबायचं. मराठी शिकवायला हीच सुरुवात चांगली. घरात सगळे इंग्रजीतच बोलायला लागले तर मूल वर्षाने ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ एवढंच घेऊन जातं. रात्रीच्या जेवणाची दहा मिनिटं फक्त मराठी, एवढं जरी पाळलं तरी दिवाळीपर्यंत ‘मीठ दे’, ‘आई कुठे गेली?’ सहज येतं.

मुलं बरेचदा जुलै-ऑगस्टमध्ये येतात, म्हणजे ऐन पावसात. जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही, डास असतात, पोट बिघडतं. जुलाब झाले तर ओआरएसचं २१ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं; छोटं पाकीट २०० मिलिलिटरसाठी असतं, आणि तेच लिटरभर पाण्यात घालण्याची चूक हमखास होते. ताप आला तर मुलाच्या औषधांच्या पिशवीत हात घालण्याआधी थांबा. युरोप-अमेरिकेतली मुलं तापाला, डोकेदुखीला सवयीने आयब्युप्रोफेन घेतात. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा नाही हे तपासणीत कळेपर्यंत ते नको, अॅस्पिरिनही नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर डॉक्टरांना विचारून फक्त पॅरासिटामॉल. कुत्रा चावला किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मुलाने येण्याआधी रेबीजची लस पूर्ण घेतलेली असेल तर पुढचे डोस कमी लागतात, म्हणून लसीचं कार्ड आल्याच दिवशी बघून त्याचा फोटो काढून ठेवा. विमा परदेशी असतो, त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णालयात कॅशलेस बहुधा चालत नाही. आधी पैसे भरायचे, मग मुलाचे आईवडील दावा करतात. त्यासाठी मूळ बिलं, चिठ्ठ्या आणि डिस्चार्जचा कागद लागतो. ते पैसे त्या क्षणी कोण भरणार, क्लब की घर, हे लेखी ठरवून घ्या. मूल १८ वर्षांखालचं असेल तर उपचाराला पालकांची संमती लागते. अर्जासोबतच्या संमतीपत्राची प्रत घरात हवी, क्लबच्या कपाटात असून उपयोग नाही.

विजेची एक गोष्ट. मोबाइलच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो चालतो. अमेरिकेतून आणलेल्या केस सरळ करायच्या यंत्रावर बऱ्याचदा फक्त १२० असतं. पिन बदलणारा ॲडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, यंत्र जळतं, कधी खोलीचा फ्यूजही जातो.

घर बदलण्याबद्दल. योजनेतला कच्चा दुवा हाच. पहिल्या घराला तीन महिन्यांत जे कळलेलं असतं ते दुसऱ्या घराला कुणी सांगत नाही, आणि मूल स्वतः सांगत नाही, कारण आधीच्या घराबद्दल बोलणं त्याला चहाडी वाटते. बॅग हलण्याच्या आठवडाभर आधी काउन्सेलरने दोन्ही घरांना मुलासमोर एकत्र बसवावं. तो बोलवत नसेल तर तुम्ही बोलवा. अॅलर्जी, औषधं, झोपेची वेळ, शाळेची बस, घरी फोन कधी करतो, कशाने रडू येतं, असं एक पान लिहा आणि आधी मुलाला वाचायला द्या. त्याला खोडायचं असेल ते खोडू द्या. तुलना मात्र कागदावर येऊ देऊ नका. ‘आमच्याकडे भेंडी खायचा’ हे वाक्य दुसऱ्या घरच्या आईला वर्षभर टोचतं.

शेवटी निघायची वेळ. गेल्याची नोंद त्याच पोर्टलवर करायची. निरोपाला सगळे पेढे देतात, पण युरोपीय संघात प्रवाशांना भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप विमानतळावर काढून घेतलं जाऊ शकतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर खाण्याची वस्तू जाहीर करावीच लागते, लपवली तर दंड होतो. बाकरवडी द्या, गुळाची चिक्की द्या, कंपनीचं बंद पाकीट असू द्या, आणि बॅग आदल्या रात्री वजनकाट्यावर ठेवून बघा.